मोतीबिंदू ‘पिकायची’ वाट का पाहायची नाही?

पासष्टीच्या दादीनं एक दिवस चष्मा बाजूला ठेवला आणि तशीच कुरआन शरीफची तिलावत सुरू केली, की घरात सगळे खूश होतात. “माशाअल्लाह, दादीची नजर परत आली!” गावभर सांगितलंही जातं. पण त्याच दादीला गल्लीच्या टोकावरून येणारा माणूस ओळखू येत नाही, एसटीची पाटी वाचता येत नाही, संध्याकाळी उंबरठ्याला ठेच लागते, याकडे कुणाचं लक्ष जात नाही. जवळचं अचानक बरं दिसू लागणं आणि लांबचं बिघडणं ही अनेकदा मोतीबिंदूची सुरुवात असते. डोळ्यातलं भिंग घट्ट होत जातं, त्याची ताकद बदलते आणि काही महिने जवळचा चष्मा लागेनासा होतो. पुढे तेही सुख जातं. जेर-जबर पुसट होतात, मग अक्षरंच धूसर होतात.

आपल्याकडे मोतीबिंदूला ‘जाळं आलंय’ किंवा ‘पडदा आलाय’ असं म्हणतात. त्यामुळे डोळ्यावर बाहेरून काहीतरी चढलंय आणि ते खरवडून काढायचं, असा समज होतो. तसं नाही. डोळ्याच्या काळ्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असतं. ते पाणी आणि प्रथिनांचं बनलेलं असतं. वय वाढलं की या प्रथिनांच्या गुठळ्या होऊ लागतात आणि भिंग पिवळट, तपकिरी, शेवटी पांढरं होत जातं. धूर बसलेल्या कंदिलाच्या काचेतून पाहावं तसं दिसतं. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे डोळ्यात फाकतात, रंग फिके वाटतात, चष्म्याचा नंबर सारखा बदलतो. दुखत काहीच नाही. म्हणूनच माणूस सहन करत राहतो.

मुख्य कारण वय. पण ज्यांना शुगर आहे त्यांना तो लवकर येतो आणि झपाट्यानं वाढतो. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षे स्टिरॉइडच्या गोळ्या घेतलेल्यांनाही. डोळ्याला जुना मार लागलेला असणं, तंबाखू-सिगारेट, कडक उन्हातलं काम, हीही कारणं आहेत. टीव्ही पाहून किंवा शिवणकाम करून मोतीबिंदू होत नाही, आणि एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात तो ‘पसरत’ही नाही.

आता औषधाचं. मोतीबिंदू विरघळवणारा कोणताही ड्रॉप, कोणतंही चूर्ण, कोणताही सुरमा आजवर सिद्ध झालेला नाही. ‘ऑपरेशनशिवाय मोतीबिंदू गायब’ अशा जाहिराती मोबाइलवर फिरत असतात. त्यात पैसे जातात आणि वेळही जातो. सुरमा लावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, तिचा आदर आहेच. पण बाजारातल्या काही सुरम्यांमध्ये शिसं असतं, आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्यात तर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत तो अजिबात घालू नये.

उपाय एकच, धुरकटलेलं भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवणं. ही गोष्ट काही परकी नाही. साधारण हजार वर्षांपूर्वी मूळचे मोसूलचे आणि पुढे मिसरमध्ये काम केलेले डोळ्यांचे हकीम अम्मार इब्न अली अल-मौसिली यांनी पोकळ सुईनं मऊ मोतीबिंदू शोषून काढण्याची पद्धत लिहून ठेवली आहे. मात्र भिंग काढल्यावर त्या जागी घालायला काही नव्हतं. ते आलं १९४९ साली. लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडली यांच्या ध्यानात आलं होतं की, युद्धात वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या खिडकीच्या प्लॅस्टिकचे कण गेले तरी डोळा त्यांना सहन करतो. त्याच प्रकारच्या प्लॅस्टिकचं भिंग त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवलं.

‘पिकू दे, मग करू’ ही म्हण त्याआधीच्या काळातली आहे. तेव्हा भिंग अख्खं बाहेर काढायचे, आणि पिकलेलं भिंग काढणं सोपं जायचं. नंतर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागायचा. म्हणून शक्य तितकं लांबवणं शहाणपणाचं होतं. आज हिशेब उलटा झाला आहे. फेको पद्धतीत दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेतात. भिंग दगडासारखं झालं असेल तर त्याला जास्त जोर लागतो, डोळ्याच्या आतल्या नाजूक भागांना इजा होण्याची शक्यता वाढते. अतिपिकलेला मोतीबिंदू डोळ्यातला दाब वाढवू शकतो. मग डोळा लाल होतो, असह्य दुखतो, उलट्या होतात, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर गेलेली नजर परत मिळत नाही. शिवाय धूसर नजरेनं बाथरूममध्ये पडून खुबा मोडला, तर त्याचा खर्च आणि त्रास मोतीबिंदूपेक्षा कितीतरी जास्त.

मग करायचं कधी? नंबर किती आणि मोतीबिंदू किती ‘टक्के’, यापेक्षा साधा प्रश्न विचारा: रोजची कामं अडतायत का? तिलावत, स्वयंपाक, पैसे मोजणं, रस्ता ओलांडणं, औषधाच्या गोळ्या ओळखणं. चष्मा बदलूनही ती अडत असतील, तर वेळ झाली आहे. अडत नसतील तर घाईही नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. घरात सगळ्यात उशिरा ऑपरेशन होतं ते अम्मीचं आणि नानीचं. “मला आता काय वाचायचंय?”, “शकीलच्या अब्बांचं आधी होऊ दे”, “मुलगा सौदीहून सुट्टीवर आला की बघू”. कोकणातल्या कितीतरी घरांत हे असंच चालतं. सुट्टी महिन्याची असते, त्यात एक निकाह, दोन दावती आणि घराचं काम. ऑपरेशन पुढच्या वर्षावर जातं. बाई तक्रार करत नाही, कारण चुलीजवळचं तिला सवयीनं येतं. तिला विचारून उपयोग नाही. एकेक डोळा झाकून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावा, लगेच कळेल. आणि मुलगा परदेशात असला तरी सून, जावई, भाचा, शेजारचा कुणी सोबत जाऊ शकतो. बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात.

२०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वाचं सर्वात मोठं कारण उपचार न झालेला मोतीबिंदू हेच निघालं, सुमारे ६६ टक्के. म्हणजे टाळता येणारं अंधत्व. आणि हे खर्चाअभावी राहावं असंही नाही. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे; जिल्हा रुग्णालयांत लेन्ससह ऑपरेशन मोफत होतं. मुंबईत भायखळ्याचं जे.जे. रुग्णालय आपल्या वस्त्यांच्या अगदी शेजारी आहे, डॉ. तात्याराव लहाने यांच्यामुळे तिथला डोळ्यांचा विभाग राज्यभर ओळखला गेला. सरकारी दवाखान्यात अनेकदा फेकोऐवजी थोड्या मोठ्या छेदाची, पण टाके न लागणारी पद्धत वापरतात. ती कमी दर्जाची असं समजू नका. चांगल्या हातून झाली तर नजर तितकीच चांगली येते.

खासगीत गेलात तर लेन्सचे प्रकार दाखवतील. साध्या लेन्सनं लांबचं स्पष्ट दिसतं, वाचायला चष्मा लागतो. मल्टिफोकलनं दोन्ही बरंचसं जमतं, पण रात्री दिव्याभोवती वलयं दिसू शकतात, आणि शुगरमुळे डोळ्याचा मागचा पडदा खराब असेल तर तिचा फायदा होत नाही. माझं मत विचाराल तर कर्ज काढून महाग लेन्स घालण्यात अर्थ नाही. डॉक्टरांना आधी हे विचारा: पडदा आणि नस ठीक आहे का, ऑपरेशननंतर नजर किती येईल? रक्त पातळ करणाऱ्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर त्या दाखवा. स्वतःच्या मनानं बंद करू नका. शुगर आणि बीपी आटोक्यात हवेत.

ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांचं. डोळा थेंबांनी किंवा इंजेक्शननं बधिर करतात, पूर्ण बेशुद्ध करत नाहीत. खरी काळजी नंतरची: चार ते सहा आठवडे ड्रॉप, डोळा चोळायचा नाही, ओझं उचलायचं नाही, नळाचं पाणी डोळ्यात जाऊ द्यायचं नाही. नकाब वापरणाऱ्या बहिणींनी आधी गॉगल लावावा, म्हणजे कापडाची कड डोळ्याला घासणार नाही.

इथेच पुष्कळ जण अडतात. वुजूचं काय, सजद्याचं काय? आजाऱ्याला शरीयतनं सवलत दिलेली आहे. पाण्यानं नुकसान होणार असेल तर त्या जागेवर पाणी न घालता ओल्या हाताचा मसह आहे, आणि डॉक्टरांनी वाकायला मना केलेल्या दिवसांत खुर्चीवर बसून इशाऱ्यानं नमाज आहे. नेमका मसला आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावा, तोही ऑपरेशनच्या आधी. रोजाबद्दल: १९९७ साली जेद्दाहला भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या बैठकीत डोळ्यातल्या थेंबांनी रोजा तुटत नाही, मात्र घशात उतरलेलं गिळू नये, असा निर्णय झाला. ड्रॉप घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटानं दाबून धरला, तर औषध घशाकडे फारसं जात नाही. तरी मन साशंक असेल तर रमजान सोडून तारीख घ्या, पण तारीख घ्या. हज किंवा उमराहला जायचं असेल तर ऑपरेशन निघण्याच्या किमान दीड महिना आधी उरकावं. गर्दी आणि धूळ ताज्या डोळ्याला चालत नाही.

घरी आल्यावर दुखणं वाढत गेलं, डोळा जास्त लाल झाला, पू आला किंवा आलेली नजर पुन्हा कमी झाली, तर सकाळपर्यंतही थांबू नका. असा जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर काही तासांचाही फरक पडतो. वर्षा-दोन वर्षांनी हळूहळू धूसर दिसू लागलं तर मात्र घाबरायचं कारण नाही. मोतीबिंदू पुन्हा होत नाही. लेन्समागची पातळ पिशवी गढूळ झालेली असते आणि ती लेझरनं काही मिनिटांत साफ होते. चष्म्याचा नंबर महिना-दीड महिन्यानं काढतात, तोपर्यंत जुना चष्मा जुळला नाही तर तो वापरू नये. दुसऱ्या डोळ्याची तारीख त्याच भेटीत विचारून ठेवा.