बारीक झालीस, पण जिना चढतेस का?

"अय्या, किती बारीक झालीस! काय केलंस गं?" डेंग्यूतून उठून हॉस्टेलवर परतलेल्या माझ्या एका मैत्रिणीला पहिल्या दोन दिवसांत हे इतक्या जणींनी विचारलं, की शेवटी ती "डास चावून घेतला" असं सांगायला लागली. काट्यावर चार किलो कमी भरत होते. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत जाताना तिला दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसावं लागत होतं.

ही मुलगी पोलिस भरतीची तयारी करतेय. आजारपणाआधी रोज पहाटे साडेपाचला मैदानावर असायची. सगळ्या तिच्या वजनाचं कौतुक करत होत्या, नेमक्या त्याच आठवड्यात सहा महिन्यांची मेहनत पाण्यात गेली म्हणून ती रात्री रडत होती. काटा एक सांगत होता, जिना दुसरंच.

काट्याला बिचाऱ्याला काही कळत नाही, हा मुद्दा आहे. त्याच्यावर उभं राहिलं की हाडं, स्नायू, चरबी, पाणी आणि पोटातले पोहे या सगळ्यांची बेरीज येते. त्यातलं नेमकं काय वाढलं आणि काय घटलं, ते तो सांगत नाही. रात्री पावभाजी हाणली की त्यातलं मीठ पाणी धरून ठेवतं आणि सकाळी काटा किलोभर पुढे गेलेला असतो. पाळीच्या आधीच्या दिवसांत तर हे अनेकींना दर महिन्याला दिसतं. एका आठवड्यात तीन किलो घटवणारी रील्स आठवा. शरीर स्नायूंमध्ये आणि यकृतात ग्लायकोजेन नावाचं इंधन साठवतं आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं एकदम तोडलं की आधी हा साठा आणि हे पाणी जातं. आरशात फार काही बदललेलं नसतं, फक्त आकडा खूश. आणि आजारपणात, पलंगावर पडून राहिल्यावर जे वजन जातं, त्यात स्नायूही जातात. म्हणजे जे कमवायला महिने लागले, तेच.

वजन एका दिवसात किती हलतं, हे 2024च्या ऑगस्टमध्ये सगळ्या देशाने बघितलं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगटचं वजन पहिल्या दिवशी सकाळी 50 किलोच्या मर्यादेत होतं. त्या दिवशी तिने तीन लढती जिंकल्या, त्यातली पहिली तर तोवर आंतरराष्ट्रीय कुस्तीत न हरलेल्या युई सुसाकीविरुद्ध. मध्ये खाणंपिणं झालं आणि रात्रभर वजन उतरवूनही दुसऱ्या सकाळी काटा 100 ग्रॅम वर. फायनल गेली. वर्षभरापूर्वीच तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. कुस्तीत वजनाचा नियम आहे, तिथे इलाज नाही. पण तुमच्या-माझ्यावर असा नियम कोणी लादलाय? आपणच ना!

गंमत म्हणजे ज्या भरतीसाठी माझी मैत्रीण धावते, तिथे वजनाला एकही मार्क नाही. पोलिस शिपाई भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर धावणं, मुलींना 800 मीटर, त्याला 20 गुण. 100 मीटरला 15, गोळाफेकीला 15. बस. किती वेळात धावलात आणि गोळा किती लांब गेला.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती मैदानावर गेली, ती चालायला. पहिले दोन आठवडे फक्त चालली. नंतर 800 मीटर धावून बघितलं, तर चार मिनिटं पाच सेकंद. आजारपणाआधी तीन बारा होतं. तिने हा आकडा अकाउंट्सच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला. मग तीन पंचावन्न, तीन चाळीस. पुढच्या आठवड्यात पुन्हा तीन अठ्ठेचाळीस, कारण इंटर्नल्स आणि झोप नाही. मग तीन एकवीस. या काळात वजनही परत आलं. चारपैकी तीन किलो. मेसमधल्या काहींनी लगेच "परत जाड होतेयस हां" सुरू केलं. त्यांना ती वही कोणीतरी दाखवायला हवी.

शरीर पहिल्यांदा ताकद कमवायला जेवढा वेळ घेतं, त्यापेक्षा गमावलेली परत मिळवायला बहुतेकदा कमी घेतं. ब्रेक पडला की "आता सगळं पहिल्यापासून" असं वाटतं खरं, पण तसं नसतं. हे काट्यावर दिसत नाही, वहीत दिसतं.

मोठ्या खेळाडूंचंही असंच बघा. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं वजन किती, हे आपल्याला कोणालाच माहीत नाही. 3000 मीटर स्टीपलचेसमधली वेळ मात्र सगळ्या बातम्यांत असते. 2019ला दोह्यात 8 मिनिटं 21.37 सेकंद, टोकियो ऑलिंपिकमध्ये 8:18.12, 2022च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8:11.20 आणि रौप्यपदक, 2024च्या जुलैमध्ये पॅरिस डायमंड लीगला 8:09.91. पाच वर्षांत साधारण साडेअकरा सेकंद. आपण इथे आठवड्यात तीन किलो मागतोय!

बरं, आपल्याला ना ऑलिंपिकला जायचंय ना भरतीला. मग मोजायचं काय? सकाळी डोळे उघडल्यावर, मोबाइल हातात घ्यायच्या आधी (हे अवघड आहे, मान्य) मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर नाडी मोजा. नियमित धावणं-सायकलिंग सुरू राहिलं की काही आठवड्यांनी हा आकडा हळूहळू उतरतो. जागरण झालं किंवा ताप येणार असेल तर चढतो. एक सुतळी घ्या, स्वतःच्या उंचीएवढी कापा, मधोमध दुमडा. ती कमरेभोवती आरामात आली तर बरं चाललंय. पोटाची चरबी काट्यापेक्षा सुतळीला जास्त कळते. गेल्या वर्षी माझा घोटा मुरगळला, तेव्हा फिजिओथेरपिस्टने मला दात घासताना एका पायावर उभं राहायला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी सात सेकंद. महिन्याभराने अख्खी पेस्ट संपेपर्यंत उभी राहू शकले असते. त्या महिन्यात माझं वजन दीड किलोने वाढलं होतं, हेही सांगून टाकते.

काटा फेकून द्या असं मी म्हणत नाहीये. काही न करता वजन भराभर उतरायला किंवा चढायला लागलं, तर डॉक्टरकडे जायलाच हवं, मधुमेह आणि थायरॉइडची चाहूल अशीही लागते. पण रोज सकाळी त्यावर चढून दिवसाचा मूड ठरवणं, त्यासाठी मेसचं ताट अर्धं सोडणं, हे व्यायामात मोडत नाही.

पुण्यात असाल तर सगळ्यात छान मोजपट्टी म्हणजे सिंहगड. आतकरवाडीतून निघायचं, पुणे दरवाजाला हात लावायचा, वेळ लिहायची. दर रविवारी तोच रस्ता, तीच चढण, त्यामुळे कॉपी करायला वावच नाही. आजारपणानंतर पहिल्यांदा जात असाल तर अर्ध्यातून परत फिरा, अर्धी वेळसुद्धा वहीत चालते. वर पोचलात तर मडक्यातलं दही आधी की स्टॉपवॉच आधी, ते तुमचं तुम्ही ठरवा.