न जुळणारा आकडा

परवा माझ्या थोरल्या भावाची नात घरी आली होती. यंदा बारावीला, सायन्सला आहे. सोबत रसायनशास्त्राचे जर्नल आणि तीन रंगांची पेने. प्रात्यक्षिक परीक्षा आठ दिवसांवर आलेली आणि जर्नल निम्मे कोरे. मोबाइलवर आलेल्या फोटोंवरून ती भराभर उतरवून घेत होती. पोटॅशियम परमँगनेटचे टायट्रेशन चालले होते, म्हणजे कागदावर. ब्युरेटची तीन रीडिंग्ज : १०.२, १०.२, १०.२.

"काय गं, शेवटी रंग कोणता येतो?" मी विचारले.

"फिकट गुलाबी," मान वर न करता ती म्हणाली.

"पाहिलास का कधी?"

आता मान वर झाली. "आजोबा, आमचं कॉलेज क्लासला जोडलेलं आहे. लॅब शेवटच्या आठवड्यात दाखवणार आहेत."

उत्तर अचूक होते. रंग तेवढा तिने पाहिलेला नव्हता.

तिला बोल लावण्यात अर्थ नाही. बोर्डाच्या परीक्षेत रसायनशास्त्राला ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे. पण इंजिनिअरिंग-मेडिकलची दारे उघडतात ती सीईटी, जेईई आणि नीटच्या किल्ल्यांनी. २०२५ च्या नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न होते, त्यांत रसायनशास्त्राचे ४५. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक वजा. मिनिटाला एक प्रश्न सोडवायच्या या शर्यतीत थेंब थेंब मोजत कोण उभे राहणार? फी भरता भरता आईबाप दमलेले आणि पहाटेपासून क्लास करून पोरे दमलेली.

शिवाय बोल लावण्याचा मला अधिकारही नाही. मी १९७८ साली बारावी झालो. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा होती. तिथला सडक्या अंड्यांचा वास कपड्यांना चिकटून घरापर्यंत यायचा. निकेलच्या द्रावणात डायमिथिल ग्लायऑक्झिम पडले की गुलाबाच्या पाकळ्यांसारखा लालचुटूक साका तयार व्हायचा. नायट्रेटची तपकिरी कडी दिसावी म्हणून परीक्षानळीच्या कडेने सल्फ्युरिक ॲसिड सोडताना आम्ही श्वास रोखून धरायचो. एवढे सगळे हाताने करूनही परीक्षेच्या दिवशी मी लबाडी केली. माझी रीडिंग्ज आली होती ९.६, ९.९ आणि ९.७. शेजाऱ्याची आली १०.२. मी माझा कच्चा कागद खिशात घातला आणि तीन वेळा १०.२ लिहिले. सरांनी माझी उत्तरपत्रिका पाहिली, शेजाऱ्याची पाहिली, त्यापुढची पाहिली. "या रांगेतल्या सगळ्यांचे हात एकाच मापाचे दिसतात," एवढेच ते म्हणाले. गुण मिळाले. वाक्य मात्र आजही खुपते.

त्याचा अर्थ बँकेत कळला. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका संध्याकाळी हिशेबात चार रुपयांचा फरक लागला. शेवटची एसटी गाठायची होती. मी खिशातून चार रुपये काढून टेबलावर ठेवले. आमचे जुने अकाउंटंट म्हणाले, "उचला ते. चार रुपये दिसताहेत म्हणून चूक चार रुपयांची आहे असं समजू नका." रात्री साडेनऊला उलगडा झाला. पाचशे रुपयांची एक नोंद राहून गेली होती आणि ४९६ ची दुसरी दोनदा झाली होती. दोन मोठ्या चुका एकमेकींच्या पदराआड लपल्या होत्या. मी चार रुपये भरले असते तर त्या तशाच लपून राहिल्या असत्या.

न जुळणाऱ्या आकड्याचा मान राखणे, ही शिस्त रसायनशास्त्रानेही पाळली आहे. बारावीला अठराव्या गणातला आर्गॉन मुले पाठ करतात. तो सापडला तो अशाच एका फरकातून. हवेतून मिळवलेला नायट्रोजन संयुगांपासून काढलेल्या नायट्रोजनपेक्षा लिटरमागे सहा-सात मिलिग्रॅमने जड भरतो, असे इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांना आढळले. तराजूला दोष देऊन सरासरी काढता आली असती. रॅले यांनी तसे केले नाही. १८९२ मध्ये 'नेचर'ला पत्र लिहून त्यांनी आपले कोडे चारचौघांत मांडले. मग विल्यम रॅम्से त्यांच्या जोडीला आले आणि १८९४ मध्ये दोघांनी नवा वायू जाहीर केला. हवेत जवळजवळ एक टक्का असलेला आणि प्रत्येक श्वासाबरोबर आपल्या छातीत जाणारा वायू! १९०४ साली रॅले यांना भौतिकशास्त्राचे आणि रॅम्से यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. रॅले यांनी शेजाऱ्याचा आकडा उतरवून घेतला असता तर?

प्रवेश परीक्षा राहणार, क्लासही राहणार. पण संध्याकाळी मूल घरी आले की "किती पडले?" याच्या जोडीला "आज काय पाहिलंस?" एवढे तरी आपण विचारू शकतो. मुलांनी आकडे उतरवून काढले तर त्यांची परीक्षा निभावते. मात्र त्यातून जी सवय लागते ती पुढे औषधाच्या कारखान्यात, पुलाच्या बांधकामात आणि इस्पितळाच्या तपासणीतही सोबत येते.

नातीला मी जर्नल मिटवायला लावले आणि स्वयंपाकघरात नेले. हळदीला चुना लागला की ती कुंकवासारखी लाल होते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. तीन पेल्यांत अर्धा अर्धा चमचा लिंबाचा रस, थोडे पाणी आणि चिमूट चिमूट हळद घातली. औषधाच्या ड्रॉपरने धुण्याच्या सोड्याचे दाट पाणी ती थेंब थेंब सोडू लागली. फेस उठला, निवला. एका थेंबाला पिवळे पाणी लाल झाले आणि ती ओरडलीच.

थेंब भरले ३१, ३४ आणि ३२.

"आजोबा, यातला खरा आकडा कोणता?"

"तिन्ही खरे. फरक का पडला ते आता तू शोध."

क्लासची वेळ होत आली होती. तिने घड्याळाकडे पाहिले आणि चौथा पेला पुढे ओढला.