ड्रिल बिटचं मशीन सुधारायचंय? आधी माल कुठे अडतोय ते शोधा!



ड्रिल बिट बनवण्याच्या व्यवसायाबद्दल विचारणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "सर, मशीन कोणतं घेऊ?" ज्यांचं छोटं युनिट आधीच सुरू आहे, ते विचारतात, "जुनं मशीन काढून सीएनसी घेऊ का?" आजच्या लेखात या दुसऱ्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर देतो. त्यातून पहिल्याचं उत्तरही आपोआप मिळेल.

आधी पैशाचं बघू. समजा तुम्ही मशीनसाठी २० लाखांचं कर्ज काढलं, व्याज ११ टक्के, मुदत ५ वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण ४३,५०० रुपये होतो. महिन्यात २५ दिवस काम धरलं, तर रोज शटर उघडलं की आधी १,७४० रुपये बँकेचे. त्यानंतर कामगाराचा पगार, वीजबिल आणि शेवटी तुमचं घर. म्हणून मशीन सुधारणं म्हणजे लगेच नवीन मशीन घेणं, हे समीकरण डोक्यातून काढून टाका.

१६० वर्षांपूर्वीचा धडा

एक खरी गोष्ट सांगतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. ऱ्होड आयलंड राज्यातली प्रॉव्हिडन्स टूल कंपनी सैन्यासाठी बंदुका बनवत होती. बंदुकीच्या एका छोट्या भागाला बारीक छिद्र पाडायला ट्विस्ट ड्रिल, म्हणजे पीळ असलेला ड्रिल लागायचा. आणि त्या ड्रिलचा पीळ कसा काढत होते? कामगार गोल कानस घेऊन हाताने घासत बसायचे! एकेका ड्रिलला वेळ किती जात असेल, विचार करा.

तिथले प्रमुख फ्रेडरिक हाऊ यांनी ही अडचण जोसेफ ब्राऊन यांच्यापुढे मांडली. हे ब्राऊन म्हणजे ब्राऊन अँड शार्प कंपनीचे. त्यांनी असं मशीन तयार केलं, ज्यात टेबल पुढे सरकतं आणि त्याच हिशोबात जॉब स्वतःभोवती फिरतो. दोन्ही हालचाली गिअरने जोडलेल्या असल्याने पीळ आपोआप कापला जातो. हेच ते युनिव्हर्सल मिलिंग मशीन. पहिलं मशीन १८६२ मध्ये विकलं गेलं आणि पुढे गिअर कापण्यापासून कितीतरी कामांना ते वापरलं गेलं.

यात आपल्या कामाचं काय? त्यांनी अख्खा कारखाना बदलला नाही. काम जिथे अडत होतं, नेमकी तीच पायरी पकडली.

ड्रिल बनतो कसा?

एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टीलच्या ड्रिलच्या पायऱ्या साधारण अशा असतात:

१. बार कापून ठरलेल्या लांबीचे तुकडे करणे.
२. फ्लूट, म्हणजे पिळाच्या खाचा काढणे. हे काम मिलिंगने होतं, गरम रोलिंगने होतं, किंवा आधी कडक केलेल्या बारमध्ये थेट ग्राइंडिंगने होतं.
३. हीट ट्रीटमेंट. सुमारे १,२०० अंश सेल्सिअसला तापवून थंड करायचं, मग साधारण ५५० अंशांवर दोन-तीन वेळा टेम्परिंग. (थेट ग्राइंडिंगच्या पद्धतीत ही पायरी फ्लूटच्या आधी येते.)
४. बाहेरचा व्यास ग्राइंड करणे.
५. पॉइंट काढणे. सर्वसाधारण कामाला ११८ अंश, कडक धातूला १३५ अंश.
६. तपासणी, मार्किंग, तेल लावून पॅकिंग.

आता एका काल्पनिक युनिटचा हिशोब करू. फ्लूट तासाला ६० निघतात, व्यासाचं ग्राइंडिंग तासाला ९० होतं, पॉइंट तासाला ४५ होतात. आठ तासांत माल किती बाहेर पडेल? ४५ गुणिले ८, म्हणजे ३६०. १०० मागे ८ नग रिजेक्ट धरले, तर चांगला माल ३३१.

मालकाने कर्ज काढून तासाला १२० फ्लूट काढणारं मशीन आणलं. आता माल किती? तेवढाच, ३६०! कारण पॉइंटच्या टेबलावर आधीच ढीग पडलेला आहे. तो फक्त आणखी उंच होणार, आणि हप्ता मात्र सुरू.

त्याऐवजी त्याने पॉइंटचं फिक्श्चर बदललं, जॉब लावायचा-काढायचा वेळ कमी केला आणि तासाला ५५ पर्यंत आला. रिजेक्शन ८ वरून ३ वर आणलं. आता ४४० पैकी चांगला माल सुमारे ४२७. म्हणजे जवळपास २९ टक्के वाढ, तीही मोठं मशीन न घेता.

कोणत्या सुधारणा आधी करायच्या?

पहिली: रनआउट. कोलेटमध्ये एक ग्राइंड केलेली सरळ पिन धरा आणि डायल लावा. आधी कोलेटच्या तोंडाशी बघा, मग १०० मिमी पुढे. तोंडाशी काटा स्थिर आणि पुढे हलतोय, तर पिन तिरकी बसतेय. दोन्हीकडे हलत असेल, तर कोलेट किंवा स्पिंडलमध्ये दोष आहे. आधी कोलेट आणि त्याची बैठक स्वच्छ पुसा, मग दुसरं कोलेट लावून बघा. बेअरिंगला हात सगळ्यात शेवटी. जॉब डगडगला की एक खाच खोल आणि दुसरी उथळ होते, मधला गाभा एका बाजूला सरकतो. असा ड्रिल गिऱ्हाइकाच्या जॉबवर भरकटतो.

दुसरी: जॉबला आधार. लांब आणि बारीक बार व्हीलच्या दाबाने वाकतो. कापण्याच्या जागेजवळ स्टेडी किंवा बुशचा आधार दिला की फरक लगेच दिसतो. आपल्याकडचा चांगला फिटर हे काम वर्कशॉपमध्येच करून देईल.

तिसरी: पिळाचा हिशोब. १० मिमी ड्रिल, पीळ ३० अंशांचा. टेबल सुमारे ५४.४ मिमी सरकलं की जॉबचा एक पूर्ण फेरा व्हायला हवा. जुन्या मशीनवर साईज बदलली की गिअर बदलायचे, सेटिंगमध्ये वेळ जायचा. इथे जुन्या मशीनच्या भक्कम बॉडीवर बॉल स्क्रू, दोन सर्व्हो मोटर आणि साधा कंट्रोलर बसवता येतो. तुमच्याकडे छोट्या छोट्या ऑर्डर येत असतील, तर हा बदल खरा उपयोगी. वर्षभर एकच साईज काढत असाल, तर गिअर काय वाईट आहेत? गिअरमध्ये ढिलाई किती आहे तेवढं तपासा.

चौथी: व्हील आणि कूलंट. फ्लूटचा आकार व्हीलच्या आकारावरून येतो. व्हील झिजलं की फ्लूट बदलतो, म्हणून किती नगांनंतर ड्रेसिंग करायचं ते ठरवून भिंतीवर लिहा. एचएसएसला ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सीबीएन व्हील वापरा. डायमंड व्हील कार्बाइडसाठी. कूलंटची धार व्हील आणि जॉब जिथे टेकतात तिथेच पडायला हवी. ड्रिलवर निळसर झाक दिसली तर समजा, तिथे जळलंय. धार तिथे लवकर जाणार. ग्राइंडिंग ऑइल वापरत असाल, तर त्याचं धुकं ओढून घेणारा पंखा आणि आग विझवायची सोय हवीच. व्हीलचं गार्ड काढून काम करायचं नाही, काहीही झालं तरी!

पाचवी: पॉइंट. दोन्ही धारा समान लांबीच्या आणि समान कोनात नसतील, तर १० मिमी ड्रिल १० पेक्षा मोठं छिद्र पाडतो. टोकाचा मधला भाग धातू कापण्यापेक्षा दाबतो जास्त, त्यामुळे तिथला गाभा पातळ केला की ड्रिल हलका चालतो.

दोष दरवेळी मशीनचा नसतो

समजा, हीट ट्रीटमेंट बाहेरून करून घेता. माल ०.३ मिमी वाकून परत येतो आणि ग्राइंडिंगसाठी तुम्ही जादा ठेवलेत फक्त ०.२ मिमी. आता जगातलं कोणतंही मशीन आणा, तो ड्रिल पूर्ण साफ होणार नाही! इथे सुधारायचं आहे ते जॉबवर्कवाल्याशी बोलणं. लांब ड्रिल उभे टांगायला सांगा, प्रत्येक लॉटची हार्डनेस लिहून मागा. चांगल्या एचएसएस ड्रिलला साधारण ६३ ते ६५ एचआरसी मिळायला हवी.

म्हणून दहा दिवस एक वही ठेवा. तीन रकाने पुरेत: कोणत्या पायरीवर नग रिजेक्ट झाला, कारण काय, मशीन किती वेळ बंद होतं. दहाव्या दिवशी वहीच सांगेल की पैसा कुठे लावायचा.

आणि तरीही मशीन घ्यायचंच असेल तर?

वहीने सांगितलं की मशीनच कमी पडतंय, तर जरूर घ्या. पण विकणाऱ्याने दाखवलेल्या नमुन्यावर जाऊ नका. स्वतःचा बार घेऊन जा आणि सलग ५० नग काढायला सांगा. पहिला आणि पन्नासावा नग मोजा. १० मिमी ड्रिलला एच-आठ टॉलरन्स असेल, तर व्यास ९.९७८ ते १०.००० मिमीच्या आतच हवा. मशीन गरम झाल्यावरही ते माप टिकतंय का, हा खरा प्रश्न. कंट्रोलरचे सुटे भाग मिळतात का आणि दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येतो, हे लेखी घ्या.

अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझा सल्ला: पहिल्या दिवशी ६ आणि १० मिमीचे बाजारात ढिगाने मिळणारे ड्रिल बनवायला जाऊ नका. तिथे मोठ्या कंपन्यांच्या दराशी गाठ आहे. आधी आसपासच्या सीएनसी युनिटच्या बोथट ड्रिलला धार लावून देण्यापासून सुरू करा. मग स्टेप ड्रिल, जादा लांबीचे ड्रिल अशा २०-३० नगांच्या ऑर्डर घ्या. कोणता ड्रिल कुठे तुटतो हे शिकायला मिळतं, आणि त्यासाठी समोरचा पैसेही देतो. शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथल्या अभ्यासक्रमांची चौकशी करा.

पीएमईजीपीसारख्या योजनेतून सबसिडी मिळू शकते, सध्याच्या अटी अर्जाआधी नीट वाचा. पण एक लक्षात ठेवा: सबसिडीमुळे कर्जाचा बोजा कमी होतो, वाकडा ड्रिल मात्र सरळ होत नाही.

तर मित्रांनो, उद्या सकाळी कामाला लागण्याआधी दोनच गोष्टी करा. डायल लावून रनआउट बघा आणि वहीचं पहिलं पान सुरू करा. तुमच्या युनिटमध्ये माल कोणत्या पायरीवर साठतो, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. आकडे दिलेत तर हिशोब सोबत बसून करू.

भेटू पुढच्या लेखात.