चॅटच्या पुढे काय?

ऑनलाइन मागवलेला मिक्सर आला, पण भांड्याचं झाकण तडकलेलं. आपण चॅट उघडतो. बॉट भरघोस दिलगिरी व्यक्त करतो, देत मात्र काहीच नाही. पुढे माणूस भेटलाच तर दर वेळी नवा, आणि कहाणी पुन्हा पहिल्यापासून. इथेच बरेच जण नाद सोडतात.

वास्तविक चॅट ही फक्त पहिली पायरी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क ग्राहकाला दिसेल असा द्यावा लागतो. तक्रारीची पोच 48 तासांत, निवारण महिन्याभरात. हा तपशील बहुधा पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत लपलेला असतो. या अधिकाऱ्याकडे लेखीच तक्रार करा; ऑर्डर क्रमांक, खोक्यावरच्या लेबलाचा फोटो आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडा. फोनवरच्या गोड आश्वासनांना पुढे कुणी विचारत नाही.

तरीही दाद लागली नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ती मध्यस्थी करते, आदेश देत नाही. आदेश हवा तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. वकीलही सक्तीचा नाही.

कस्टमर केअरचा नंबर मात्र कंपनीच्या अ‍ॅपमधूनच घ्या. गुगलवर वर दिसणारा नंबर भामट्याचा असू शकतो. परताव्यासाठी फोनवर कुणाला ओटीपी किंवा यूपीआय पिन सांगावा लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.