बिल्ल्यावरचं नाव

फ्रान्समधल्या सोम नदीच्या खोऱ्यात नांगरट झाली की पहिल्या महायुद्धाचं लोखंड आजही वर येतं. त्यात कधी नाव कोरलेला बिल्ला असतो. तो हाती येताच हा सैनिक कोण, हे शोधायची घाई होते. त्याआधी तो कुठे, किती खोल आणि कशाच्या शेजारी होता, हे टिपायला हवं. फ्रान्समध्ये परवानगीशिवाय धातुशोधक यंत्र लावून असा शोध घेणं बेकायदा आहे, आणि ते योग्यच आहे.

ब्रिटिश लष्कराने 1907 मध्ये सैनिकाला ॲल्युमिनियमचा एकच गोल बिल्ला दिला. 1914 मध्ये त्याऐवजी लाल फायबरचा आला. सैनिक पडला की सोबती तो काढून नेत. मृत्यूची नोंद व्हायची, पण देहाजवळ नाव उरायचं नाही. 1916 मध्ये दोन बिल्ले आले: लाल काढून न्यायचा, हिरवा अष्टकोनी देहावर ठेवायचा. तोवर हजारो देह निनावी झाले होते. जागा न टिपता बिल्ला खिशात घालणारा तीच चूक पुन्हा करतो.

फायबर ओल्या मातीत कुजतं, यंत्राला तर ते लागतच नाही. म्हणून पुष्कळदा हाती येते ती सैनिकाने पदरमोड करून घेतलेली मनगटपट्टी: पितळेची, चांदीची, क्वचित नाणं घासून केलेली. सरकारी ॲल्युमिनियमवर अक्षरं एकेक ठशाने ठोकलेली असत, त्यामुळे ओळ वरखाली होते. हाताने कोरलेल्या अक्षराच्या रेघेची जाडी कमीजास्त होते. खोली अंधारी करून विजेरी अगदी आडवी धरली की पुसट अक्षरंही सावलीने उठतात. ब्रश, आम्ल काही नको.

मग क्रमांक. 1920 पूर्वी प्रत्येक रेजिमेंट आपापले क्रमांक देई, त्यामुळे एकच क्रमांक अनेकांचा निघतो. नाव, रेजिमेंट आणि क्रमांक तिन्ही जुळल्याशिवाय ओळख पक्की मानू नये. सेवापुस्तिकांपैकी निम्म्याहून अधिक 1940 च्या लंडनवरील बॉम्बहल्ल्यात जळाल्या. पदकांची सूचिपत्रं मात्र वाचली, आणि पुष्कळदा त्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

आपलीही माणसं या हिशेबात आहेत. फ्रान्समधल्या न्यव्ह शापेलच्या स्मारकावर कबर माहीत नसलेल्या 4,700 हून अधिक भारतीयांची नावं आहेत. पुढे दुसऱ्या महायुद्धात माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत धारातीर्थी पडले, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. त्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे.

आपल्याकडे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि घरच्या ट्रंकेत पणजोबांचं पहिल्या महायुद्धाचं पदक असेल, तर ते चिंचेने वा राखेने घासू नका. त्याची कड पाहा. तिथे बहुधा क्रमांक, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ते सारं आजच वहीत उतरवून ठेवा.