सनद नसलेले विद्यापीठ

शिरूरहून न्हावऱ्याच्या वाटेने दक्षिणेस निघाले, म्हणजे भीमा ओलांडून उसाच्या फडांमधून जाणारा रस्ता केडगावास येतो आणि पुढे चौफुल्याला पुणे-सोलापूर हमरस्त्यास मिळतो. या मुलुखातील मुले-मुली आज उच्च शिक्षणासाठी शिरूरच्या बोरा महाविद्यालयात किंवा दौंडच्या कटारिया महाविद्यालयात जातात. त्यांचे अभ्यासक्रम, त्यांच्या परीक्षा आणि शेवटी हाती पडणारा पदवीचा कागद हे सारे 1949 साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाकडून येते. परंतु त्या विद्यापीठाच्या जन्मापूर्वी अर्धशतक याच दौंड तालुक्यात, केडगावच्या माळावर, विद्यापीठ या शब्दाला शोभेल अशी एक संस्था उभी राहिली होती, असे माझे मत आहे. तिला सरकारची सनद नव्हती आणि कुलगुरू ही पदवीही तेथे कोणाला नव्हती. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन ते हेच.

रमाबाईंचा पूर्ववृत्तांत बहुतेकांना ठाऊक असतो. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या 1858 साली जन्मली. संस्कृत तिने आईकडून घेतले. दुष्काळाच्या वणवणीत आईबाप व बहीण यांचा अन्नान्न दशेत अंत झालेला तिने पाहिला. आणि 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. या आयुष्यक्रमातील जी गोष्ट शिक्षणाच्या इतिहासाशी निगडित आहे ती मात्र फारशी सांगितली जात नाही. अमेरिकेत असताना रमाबाईंनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा रीतसर अभ्यास केला, मराठी मुलांसाठी वाचनपुस्तके तयार करण्यास हात घातला, आणि विधवांच्या शाळेकरिता बोस्टन येथे 1887 साली जी मंडळी संघटित झाली त्यांच्याकडून दहा वर्षे मदतीचे अभिवचन घेऊन त्या परतल्या. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन उघडले. त्याची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू. पुढे 1893 साली त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. ज्या कर्व्यांनी 1916 साली महिला विद्यापीठ स्थापिले त्यांच्या संसाराचा धागा असा शारदासदनाच्या बाकापर्यंत जाऊन पोहोचतो.

शारदासदन 1890 साली पुण्यास आले आणि तीनच वर्षांत, तेथील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत या कारणावरून, रानडे व भांडारकर यांच्यासारखी थोर माणसे सल्लागार मंडळातून बाहेर पडली. त्या वादात कोणाचे किती चुकले याचा निवाडा येथे करण्याचे प्रयोजन नाही. मात्र त्या वादामुळे आपण रमाबाईंच्या अध्यापनकार्याकडेच पाठ फिरविली, ही हानी आपली झाली, आणि तिची भरपाई अद्याप झालेली नाही, हे स्पष्टपणे लिहिले पाहिजे.

केडगावची जमीन घेण्यामागे एक रोखठोक व्यवहार होता. बोस्टनच्या मदतीची दहा वर्षांची मुदत संपत आली होती. ती संपल्यावर शाळा परक्यांच्या दानावर न चालता स्वतःच्या फळबागेच्या उत्पन्नावर चालावी, या हेतूने रमाबाईंनी स्टेशनाजवळची सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि विहिरी खणविल्या. तोच 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई स्वतः मध्यप्रांतात गेल्या, भुकेने व्याकूळ झालेल्या शेकडो मुली-बायका घेऊन आल्या, आणि पुण्यात प्लेगचा कहर चालू असल्यामुळे त्या सर्वांची तजवीज या माळावर, प्रथम तात्पुरत्या छपरांखाली, करावी लागली. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या व वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. जिला एकही अक्षर ओळखता येत नाही, जिची भाषा शेजारणीला कळत नाही आणि जिच्या अंगावर धडके लुगडे नाही, अशा मुलीपासून ज्या शिक्षणक्रमाचा आरंभ करावयाचा, त्याची आखणी कोणत्या अभ्यासमंडळाने करावी?

ती रमाबाईंनी केली. धाकट्यांसाठी बालोद्यान, वर शाळा, जिची बुद्धी चालेल तिला अध्यापनाचे शिक्षण, जेणेकरून आज शिकलेली उद्या शिकवील. आणि प्रत्येकीच्या हाताला काम. कोणी मागावर, कोणी शिवणात, कोणी तेलाच्या घाण्यावर, कोणी गोठ्यात, कोणी शेतात. आंधळ्या मुलींना रमाबाईंची कन्या मनोरमाबाई ब्रेल शिकवीत. त्या मुली बोटांनी वाचीत आणि टोपल्या विणीत. थोरल्या मुलीने धाकटीचे पाहावे अशी वसतिगृहाची रीत असल्यामुळे एवढ्या मोठ्या वस्तीतही पोरक्या पोरीला आपले म्हणणारे माणूस मिळे.

या साऱ्यांत छापखाना मला सर्वांत विलक्षण वाटतो. खिळेजुळणी हे काम दिसते तितके सोपे नाही: अक्षर उलटे कोरलेले, ओळ उलटी वाचावयाची, काना-मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे यांचे खिळे निरनिराळ्या खणांतून उचलून ओळीत घट्ट बसवावयाचे, एक खिळा चुकला की मुद्रित परत यावयाचे आणि चिमट्याने तो काढून दुसरा घालावयाचा. हे काम येथे बायका करीत. ज्यांनी काही वर्षांपूर्वी पाटीवर पहिला ‘ग’ गिरविला होता अशा बायका एका अखंड बायबलाचे खिळे जुळवीत होत्या. त्या बायबलाच्या मराठी भाषांतरासाठी रमाबाईंनी, वयाची चाळिशी उलटल्यावर, हिब्रू व ग्रीक भाषांचा व्यासंग केला. जुन्या मराठी भाषांतरातील बोजड संस्कृत शब्द खेड्यातल्या बाईस उमजत नाहीत, ही त्यांची तक्रार. म्हणून संस्कृताच्या या पंडितेने साधी, घरगुती मराठी निवडली. मूळ भाषांचे अध्ययन, भाषांतर, मुद्रण आणि ज्यांच्यासाठी ते सर्व करावयाचे त्यांनाच त्यात सहभागी करून घेणे, हे एका आवारात घडत असेल, तर त्याला विद्यापीठ म्हणण्यास आणखी काय हवे?

मनोरमाबाई 1921 साली वारल्या, आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनीही देह ठेवला. बायबलाचे संपूर्ण भाषांतर 1924 साली प्रसिद्ध झाले.

संस्था केडगावात आजही चालू आहे. शिरूर व दौंडच्या महाविद्यालयांत इतिहास, मराठी व शिक्षणशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती एवढीच आहे, की प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना त्यांनी दूरच्या ग्रंथालयांकडे धाडण्यापूर्वी केडगावास पाठवावे. त्या छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या, त्या शाळांत शिकविणाऱ्या बायकांची नावे, त्यांची गावे, त्यांचे पुढे काय झाले, याची नीट नोंद मराठीत व्हावयास हवी, आणि ती करण्याचा पहिला अधिकार याच दोन तालुक्यांतील मुलामुलींचा आहे.