पान ओळखणारे यंत्र आणि नाव सांगणारा माणूस



पिकावर रोग दिसला की मोबाईलने पानाचा फोटो काढावा आणि मोबाईलनेच रोगाचे नाव सांगावे, अशी सोय आता झाली आहे. रविवारच्या मिस्साबलिदानानंतर आपली तरुण मंडळी चर्चच्या पटांगणात असे फोटो एकमेकांना दाखवताना दिसतात. सोय चांगली आहे. परंतु त्या नावावर विसंबून पाठीवर पंप चढवण्यापूर्वी, हे यंत्र रोगाचे नाव शिकले कोठून, एवढे जाणून घेणे हिताचे आहे. कारण नाव चुकले की औषध चुकते. औषध चुकले की पैसा जातो, पीक जाते आणि विष मात्र रानात, विहिरीत व फवारणाऱ्याच्या अंगात राहते.

यंत्र कसे शिकते?

भातातले तण कोणते आणि भाताचे रोप कोणते, हे आपल्याला कोणी व्याख्या सांगून शिकवले नाही. आई-आजीबरोबर बेणणीला बसलो, त्यांनी शंभर वेळा ‘हे उपट, हे राहू दे’ म्हटले, आणि नजर तयार झाली. संगणकाचेही जवळजवळ तसेच आहे. त्याला हजारो छायाचित्रे दाखवतात. प्रत्येक छायाचित्रासोबत माणसाने लिहिलेले नाव असते. संगणक आधी अंदाज करतो, तो त्या नावाशी ताडून पाहतो, चुकल्यास आपल्या हिशेबातले आकडे थोडे बदलतो आणि पुन्हा अंदाज करतो. असे लाखो वेळा झाल्यावर त्याची ‘नजर’ तयार होते.

या पद्धतीला मोठी चालना मिळाली ती अमेरिकेतील संशोधिका फेई-फेई ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘इमेजनेट’ या संग्रहामुळे. २००९ साली तो प्रसिद्ध झाला आणि पुढे त्यात सुमारे १ कोटी ४० लाख छायाचित्रे जमा झाली. कुत्रा, मांजर, खुर्ची, गाडी अशी नावे त्या चित्रांना यंत्राने दिली नव्हती. १६७ देशांतील सुमारे पन्नास हजार माणसांनी घरबसल्या मोबदला घेऊन ती तपासली होती. २०१२ साली याच संग्रहावर शिकलेल्या एका संगणक-रचनेने स्पर्धेत इतरांना फार मागे टाकले आणि तेव्हापासून या विद्येचा सर्वत्र प्रसार झाला. यंत्राच्या हुशारीचे कौतुक पुष्कळ होते. तिच्यामागे नाव सांगणारी हजारो माणसे आहेत, हे आपण विसरू नये.

पानांचा संग्रह

शेतीसाठी असाच एक संग्रह झाला, त्याचे नाव ‘प्लांटव्हिलेज’. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचे डेव्हिड ह्यूज आणि स्वित्झर्लंडमधील मार्सेल सालाते यांनी २०१५ साली तो सर्वांसाठी खुला केला. जाणकारांनी ज्यांचा रोग ओळखला आहे अशी पाने तोडायची, करड्या किंवा काळ्या कागदावर ठेवायची आणि उघड्यावर, दिवसाच्या उजेडात त्यांची छायाचित्रे घ्यायची, अशी ही पद्धत होती. पुढल्या वर्षी शारदा मोहंती, ह्यूज आणि सालाते यांनी त्यातील १४ पिकांची व २६ रोगांची ५४,३०६ छायाचित्रे घेऊन संगणकाला शिकवले. शिकवताना बाजूला ठेवलेली, यंत्राने न पाहिलेली याच संग्रहातील पाने दाखवली, तेव्हा यंत्राने शंभरात ९९ हून अधिक वेळा बरोबर उत्तर दिले.

हा आकडा वाचून कोणालाही वाटेल की आता रोगतज्ज्ञांची गरजच संपली. पण त्याच संशोधकांनी प्रामाणिकपणे आणखी एक परीक्षा घेतली. वेगळ्या परिस्थितीत, दुसऱ्यांनी काढलेली छायाचित्रे त्यांनी यंत्रापुढे ठेवली. तेव्हा बरोबर उत्तरे शंभरात ३१ च्या थोडी वर, एवढीच आली.

असे का व्हावे? यंत्र पाने पाहूनच शिकले असे आपण धरून चालतो. पण त्याला पान आणि कागद यांतला फरक कोणी सांगितलेला नसतो. २०२२ साली एका संशोधकाने याच संग्रहातील प्रत्येक छायाचित्राचे फक्त ८ ठिपके घेतले, तेही पानाचे नव्हेत, मागच्या कागदाचे. पान न पाहता, केवळ त्या ठिपक्यांवरून यंत्राने शंभरात ४९ उत्तरे बरोबर दिली! डोळे मिटून अंदाज केला असता, तर शंभरात तीनही आली नसती. एका रोगाची पाने बहुधा एकाच जागी, एकाच उजेडात टिपली गेली असावीत. त्या खुणा यंत्राने पकडल्या. वर्गात मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर देणारा मुलगा जसा, तसाच हा प्रकार. आपल्या रानात मागे कागद नसतो. माती असते, तण असते, पानावर दव व धूळ असते, आणि एका पानावर दोन-दोन रोग असतात.

भारतातही या उणिवेवर काम झाले आहे. गांधीनगरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० साली ‘प्लांटडॉक’ नावाचा संग्रह केला. त्यात कागदावरील नव्हे, तर निरनिराळ्या ठिकाणच्या खऱ्याखुऱ्या झाडांची २,५९८ छायाचित्रे आहेत. त्यांना नावे देण्यातच माणसांचे सुमारे ३०० तास खर्ची पडले. संग्रह लहान असूनही, त्यावर शिकल्याने प्रत्यक्ष झाडावरचे रोग ओळखण्यात यंत्राची बरीच सुधारणा झाली.

जे दाखवले नाही, ते दिसत नाही

प्लांटव्हिलेजच्या त्या १४ पिकांत टोमॅटो, बटाटा, मका, द्राक्ष, सोयाबीन आहेत. भात, ऊस, ज्वारी, काजू, नारळ नाहीत. पीक असले तरी सर्व रोग आहेत असेही नाही. सोयाबीनची पाच हजारांवर छायाचित्रे आहेत, पण सर्व निरोगी पानांची! केवळ एवढ्यावर शिकलेले यंत्र आपल्या भागातला सोयाबीनचा तांबेरा पाहील, पण त्याला नाव देऊ शकणार नाही. द्राक्षाच्या चित्रांत आपल्या बागाईतदारांना छळणारे केवडा आणि भुरी नाहीत. उलट संत्र्याची सर्वच पाने रोगट. निरोगी संत्र्याचे पान त्या यंत्राने कधी पाहिलेलेच नाही.

अशा यंत्राला ‘ठाऊक नाही’ म्हणायला मुद्दाम शिकवावे लागते. नाही शिकवले, तर ते ठाऊक असलेल्या नावांपैकीच एक छातीठोकपणे पुढे करते. आजच्या मोबाईलवरील साधनांत पिके व रोग पुष्कळ वाढले आहेत, हे खरे. पण आपले पीक, आपला रोग आणि आपली माती त्यांनी पाहिली आहे का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. टोमॅटोची पाने विषाणूमुळे पिवळी पडून वळली असतील, तर बुरशीनाशकाचा काही उपयोग नाही. तो रोग पांढरी माशी पसरवते. चुनखडीच्या जमिनीत सोयाबीनची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर ती लोहाची उणीव असू शकते. तेथे औषध मारणे म्हणजे उपाशी माणसाला खोकल्याचे औषध पाजणे होय.

डोळ्यांच्या बाबतीतही हेच

मधुमेहामुळे डोळ्याच्या आतील पडदा बिघडतो आणि वेळीच न कळल्यास दृष्टी जाते. तो बिघाड ओळखण्यास यंत्राला शिकवण्यासाठी गूगलच्या संशोधकांनी १,२८,१७५ छायाचित्रे वापरली. त्यांत भारतातील नेत्ररुग्णालयांचीही होती. ५४ नेत्रतज्ज्ञांनी प्रत्येक छायाचित्र तीन ते सात वेळा निरनिराळे तपासले, कारण एकच पडदा पाहून दोन डॉक्टरांचे मत वेगळे पडू शकते. २०१६ साली प्रसिद्ध झालेले निकाल फार चांगले होते. पुढे थायलंडमधील ११ दवाखान्यांत यंत्र प्रत्यक्ष वापरले, तेव्हा पहिल्या काही महिन्यांत सुमारे एक पंचमांश छायाचित्रे यंत्राने नाकारली. खोलीत पुरेसा अंधार नसणे अशी साधी कारणे त्यामागे होती. रुग्णांना पुन्हा फेरी पडली. पण धूसर चित्रावर खोटा दिलासा देण्यापेक्षा ते बरे.

आपण काय करावे?

१. यंत्राने सांगितलेले नाव म्हणजे संशय समजा, निदान नव्हे. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या झाडाचा फोटो काढून तेच नाव येते का पाहा.

२. फोटो भरदिवसा पण सावलीत, जवळून, हात न हलवता काढा. पानाच्या दोन्ही बाजू, पूर्ण झाड आणि शेताचा एक असे चार फोटो घ्या.

३. फवारणीपूर्वी कृषी विज्ञान केंद्र, कर्नाटकात रयत संपर्क केंद्र, गोव्यात विभागीय कृषी कार्यालय येथे रोगट पान घेऊन जा. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक विनामूल्य आहे.

४. तज्ज्ञाने रोग निश्चित केला की फोटो, पिकाचे वाण, तारीख आणि रोगाचे नाव वहीत नोंदवा. कृषी विद्यापीठाने असे फोटो मागितले, तर अवश्य द्या. आपल्या रानातली पाने त्यांत गेली, तरच उद्याचे यंत्र आपले पीक ओळखेल. मात्र खात्री नसेल तेथे नाव लिहू नका. एक चुकीचे नाव यंत्राला चुकीचाच धडा देते.

५. मधुमेह असलेल्यांनी दृष्टी चांगली वाटत असली तरी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. तपासणी यंत्राने झाली आणि फोटो अस्पष्ट आला, तर घरी न जाता नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर प्राण्यांना आदामाकडे आणतो, ते त्यांना नावे देण्यासाठी. नाव देणे हे माणसाकडे सोपवलेले काम आहे आणि त्याची जबाबदारीही माणसाचीच. प्रभू येशूच्या दाखल्यातील धन्याने निदण उपटण्याची घाई करू दिली नाही, कारण निदणाबरोबर गहूही उपटला गेला असता. पंप हातात घेताना आपणही तेवढा धीर धरू या.